शेवटची फक्की

अशिलाने खरं सांगितल्यामुळे खटला हरलेली मी पुण्यातली एकटी वकील नसेन. पण इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या आधी हजर राहून, हरायचं ठरवूनच खरं सांगणारा अशील मात्र माझ्याच वाट्याला आला. त्यांचं नाव दिगंबर पानसे. बिबवेवाडीत आमच्याच सोसायटीत, माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या आणि माझ्या गॅलरीखाली महापालिकेचं एक मैदान आहे, आणि सगळी भानगड त्या मैदानाची आहे.

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. सकाळी उजाडायच्या आत शिट्ट्या वाजवून उठवणाऱ्या खेळाबद्दल प्रेम वाटावं इतकी मी थोर नाही. या घरात राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तक्रार करायला खाली गेले होते. शिट्टी पानसेकाकांचीच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." दुसऱ्या दिवशी शिट्टी पुन्हा वाजली. वीज मंडळात बिलांच्या तक्रारींच्या खिडकीवर त्यांनी सगळी नोकरी काढली, हे मला नंतर कळलं. समोरच्याला बोलू द्यायचं आणि आपलं चालू ठेवायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं आहे.

मूळचे नारायण पेठेतले. त्यांना मूलबाळ नाही, हे मी इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी ते शोधून काढल्याचा आनंद मिळवायला नको. काका आणि मंदाकिनीकाकू, दोघंच. पण घरात सकाळी दूध येतं ते एखाद्या खानावळीला पुरेल इतकं, कारण प्रॅक्टिस संपली की काकांच्या 'उगवती' या फुटबॉल क्लबाची सगळी फौज चिखलाच्या पायांनी जिन्यात बसते आणि काकू एकेकाला पेला देतात. "पाय आत आणलेत तर बघा" एवढंच त्या म्हणतात, पण रोज म्हणतात.

सगळं गाव क्रिकेट खेळत असताना काकांनी फुटबॉलचा क्लब का काढला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "क्रिकेटला ग्राउंड मोकळं मिळत नव्हतं. पहाटे कोणी येत नाही." यापेक्षा मोठं तत्त्वज्ञान त्यांच्याकडून काढता येत नाही.

आता त्या क्लबाची रीत सांगायला हवी, कारण ती कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मैदानावर रेघा आखायची जी पांढरी पूड असते तिला फक्की म्हणतात. काकांकडे तळाला भोकं पाडलेला एक जुना तेलाचा डबा आहे. त्यात फक्की भरायची आणि डबा हलवत, खाली वाकून चालत जायचं. नव्या मुलाला किंवा मुलीला उगवतीत बॉल मिळत नाही, आधी हा डबा मिळतो. "आधी रेघ, मग बॉल." फॉर्मबिर्म काका नंतर कधीतरी भरतात. ज्याने रेघ मारली तो क्लबाचा झाला.

सोडून जाण्याचीही रीत आहे. कुणी दुसऱ्या क्लबात चाललं, कुणाला लांब नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं, तर त्याने एका सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, अख्खं मैदान एकट्याने आखायचं आणि मधोमध उभं राहायचं. मग काका खाली उतरतात, बाजूच्या रेघेपाशी जातात, डाव्या चपलेने वीतभर रेघ पुसतात आणि म्हणतात, "जा." त्या फटीतून तो बाहेर पडतो. तो वळणापलीकडे गेला की काका लगेच कुणाला तरी डबा देऊन फट भरून घेतात. मैदान उघडं ठेवायचं नसतं म्हणे. मी हे गॅलरीतून कितीदा तरी पाहिलं आहे. सुरुवातीला मला तो पोरखेळ वाटायचा. नंतर चहा हातात घेऊन पाहायला लागले.

दीपमाला या क्लबात आली ती मार्केट यार्डातून. तिचे वडील महिपती वाशीमकडचे, यार्डात हमाल आहेत. उन्हाळ्यात कलिंगडाचे ट्रक येतात, तेव्हा माणसं रांगेत उभी राहून कलिंगडं एकमेकांकडे फेकत उतरवतात. सुट्टीत ही लहान पोर वडिलांबरोबर जायची आणि रांगेच्या टोकाला उभी राहून झेलायची. पुढे काकांच्या मैदानावर आली तेव्हा बॉल सोडायचाच नाही, एवढंच तिला येत होतं. तिला गोलमध्ये उभं केलं. "कलिंगड पडलं तर फुटतं ना सर," ती म्हणाली होती. काका ही गोष्ट नव्या माणसाला दोनदा सांगतात, आणि काकूही ती दोनदा ऐकतात.

ती मोठी झाली, कॉलेजात गेली, आणि एव्हाना शहरातल्या मुलींच्या स्पर्धांमध्ये तिचं नाव व्हायला लागलं होतं. राज्याच्या संघात निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचं दार उघडतं, आणि महिपतींच्या घरात त्या दारावरच सगळ्यांचे डोळे होते. निवड करणारी मंडळी उगवतीच्या मैदानावर कशाला येतील? ती जातात वारज्याला, 'हिलटॉप युनायटेड'च्या हिरव्यागार टर्फवर. तिथे गोलकीपरला वेगळा कोच आहे. दीपमालाला तिथे जायचं होतं, आणि त्यात गैर काहीच नव्हतं.

हिलटॉपचा मॅनेजर आमोद एका संध्याकाळी काकांकडे आंबा बर्फीचा डबा घेऊन आला. मी तेव्हा काकूंकडे विरजण मागायला गेले होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं.

"सर, तिच्या फ्यूचरचा प्रश्न आहे," आमोद म्हणाला. "तुम्ही जस्ट एनओसी द्या. बाकी सगळं आम्ही बघतो."

"बसा. पाणी घ्या," काका म्हणाले. "एनओसी नाही."

"पण का, सर?"

"बर्फी छान आहे."

आमोद अर्धा तास बसून गेला. काकांनी बर्फी ठेवून घेतली, पण मुलगी काही दिली नाही. मला त्या वेळी गंमत वाटली. इतक्यांना हसत "जा" म्हणणारा माणूस याच मुलीपाशी का अडला, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण मी विरजण घेऊन वर गेले.

पुढे खेळाडूंची नावं नोंदवायची मुदत संपत आली. हिलटॉपने घाईत दीपमालाचं नाव आपल्या यादीत टाकलं आणि 'आधीचा क्लब' या रकान्यात 'नाही' असं लिहिलं. उगवती लिहिलं असतं, तर उगवतीची संमती दाखवावी लागली असती. इकडे काकांनीही दरवर्षीच्या सवयीने आपल्या यादीत तिचं नाव दिलेलं होतंच. जिल्ह्याच्या संघटनेत दोन्ही याद्या लागल्या, आणि काकांनी हिलटॉपची वाचली.

त्या संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"आधीचा क्लब नाही," ते म्हणाले. "म्हणजे इतकी वर्षं ही पोरगी हवेत उड्या मारत होती?"

"काका, तुम्हाला नक्की काय हवंय? पैसे?"

"पैसे नकोत. ती परत यावी असंही नाही. तिथे उगवती लिहा म्हणावं. बास."

मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं की प्रकरण बूमरँगसारखं पोरीच्याच अंगावर येईल. ते माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होते. तरीही मी वकीलपत्र घेतलं. एक तर त्यांचा चेहरा बघवत नव्हता, आणि दुसरं म्हणजे हिलटॉपचा वकील माझा लॉ कॉलेजातला वर्गमित्र होता, जो तेव्हाही नोट्स द्यायचा नाही. दोन्ही कारणं मला सारखीच पटली.

आम्ही संघटनेत हरकत घेतली. संघटनेने निकाल लागेपर्यंत दीपमालाचं खेळणं थांबवलं. हिलटॉप त्याविरुद्ध शिवाजीनगर कोर्टात गेलं. कोर्टाने दोन्ही बाजूंना ऐकून घेतलं आणि हे भांडण लवादापुढे मिटवा म्हणून सांगितलं. एक निवृत्त न्यायाधीश लवाद म्हणून नेमले गेले. हे सगळं होईपर्यंत हिलटॉपचे सामने सुरू झाले, उगवतीचेही झाले, आणि दीपमाला दोन्हीकडे नव्हती. ती रोज एकटीच बिबवेवाडीच्या चढावर पळायला जायची. आमच्या फाटकावरून जाताना मान खाली घालायची. काका त्या वेळी गॅलरीत झाडांना पाणी घालायचे. त्या झाडांना इतकं पाणी कधी मिळालं नव्हतं.

एके दुपारी महिपती माझ्या ऑफिसात आले. खांद्यावरचं फडकं हातात धरून दाराशी उभे राहिले. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकले.

"वकीलबाई, म्या काकासंग भांडाले नाही आलो," ते म्हणाले. "त्यायच्या घरचं मीठ खाल्लं माह्या पोरीनं. पण आता तिचं काय होईन, थे सांगा."

मी समजावून सांगितलं. प्रश्न एकच होता. हिलटॉपने नाव नोंदवलं त्याआधी उगवतीने तिला सोडलं होतं की नव्हतं. सोडलं नव्हतं असं ठरलं, तर आम्ही जिंकणार, आणि न सुटता दुसरीकडे सही केल्याबद्दल दीपमालाला एक हंगाम बंदी होणार. म्हणजे यंदाची निवड गेली.

"अन् तुमी हरल्या तं?"

"तर ती खेळेल."

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. "मंग तुमी जिंकाले काहून पाहून राह्यल्या जी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. मी दोन-तीन कायदेशीर वाक्यं बोलले. ती मलाच लबाड वाटली.

संध्याकाळी मी काकांकडे गेले. गोलाचं फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन ते सुतळीने शिवत बसले होते. मी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्या आवाजात.

"हे तुला आधी माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही भिंत बघत होतात."

"आपण फार हुशार आहात," ते म्हणाले, आणि गाठ मारून सुतळी दातांनी तोडली. मग म्हणाले, "अर्ज मागे घेतला तर?"

"आता उपयोग नाही. दोन याद्यांत एकच नाव आहे हे सगळ्यांना दिसलंय. ती सुटली होती की नाही, हे ठरवल्याशिवाय लवाद सोडणार नाही. आणि आज तुम्ही एनओसी दिलीत तरी तिच्यावर तारीख आजची पडणार."

"आधी सुटलेली पाहिजे."

"हो."

"बरं," काका म्हणाले. "तू तुझं काम कर."

मी माझं काम केलं. चांगलं केलं, हेही सांगते. सुनावणीला माझ्याकडे सगळं तयार होतं. उगवतीच्या जर्सीतले तिचे फोटो होते, सामन्यांचे निकाल होते, शिवाय आमोदची बर्फीसकट झालेली भेटही होती. ती भेट म्हणजे तर हुकमाचा पत्ता, कारण मुलगी सुटलेलीच असती तर तो मागायला कशाला आला असता? मला फक्त एक प्रश्न विचारायचा होता आणि काकांनी "नाही" एवढंच म्हणायचं होतं.

लहानशी खोली होती. एका बाजूला आमोद आणि माझा तो वर्गमित्र, दुसऱ्या बाजूला आम्ही. दीपमाला वडिलांशेजारी बसली होती. गोलकीपरचे ते मोठे हात तिने ओढणीखाली लपवले होते. काकूही आल्या होत्या, पर्समध्ये लाडवांचा डबा घेऊन. काकांनी शपथ घेतली. मी विचारलं, "दीपमालाला तुमच्या क्लबाने कधी सोडलं होतं का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे वळले. "सोडायची आमच्याकडे एक रीत आहे, साहेब," ते म्हणाले, आणि फक्कीपासून चपलेपर्यंत सगळी रीत त्यांनी सांगितली. मी मध्ये दोनदा खोकले. मला सर्दी झाली असावी, तसं त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

"मे महिन्यात, हे आमोद माझ्याकडे यायच्या आधी, एका सकाळी ही सगळ्यांच्या आधी आली," ते पुढे म्हणाले. "एकटीने मैदान आखलं. सगळ्या रेघा, गोलसमोरच्या पेटीसकट. आणि मध्ये उभी राहिली. मी गॅलरीत होतो."

"मग?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मग मी खाली गेलो नाही."

"का?"

"गुडघा दुखतोय असं बायकोला सांगितलं."

"दुखत होता?"

"नाही."

काका सावकाश बोलत होते, खिडकीवर बिल समजावून सांगावं तसं. "ती खूप वेळ उभी होती. मग बाकीची मुलं आली, खेळ सुरू झाला, रेघा पुसल्या गेल्या. तिने तिच्या बाजूचं सगळं केलं होतं. उरलं होतं ते माझं काम. मला ते करवलं नाही. या मुलीला जा म्हणवेना मला. आता त्याची शिक्षा तिने का भोगायची? त्या सकाळीच ती सुटली असं आपण धरावं, ही विनंती आहे."

"पण तुमच्या अर्जात तर लिहिलंय, की क्लबाने तिला सोडलंच नाही."

"अर्ज माझ्या सांगण्यावरून लिहिलाय. यांचा दोष नाही," काका माझ्याकडे बोट करून म्हणाले. "यांना मी हे सांगितलं नव्हतं."

तेव्हा दीपमाला बोलली. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि न्यायाधीशांनीही तिला थांबवलं नाही. "सर, मला ग्रिलमधून तुमचा लेंगा दिसत होता," ती म्हणाली. "तुम्ही उभे होतात. मला वाटलं, तुम्ही रागावलात. म्हणून पुन्हा विचारायची हिंमतच झाली नाही."

"रागावलो नव्हतो," काका म्हणाले.

एवढंच ते बोलले. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला रुमाल शोधू लागले, आणि रुमाल काकूंच्या पर्समध्ये होता.

परतताना आम्ही तिघं एका रिक्षात होतो, काकू मध्ये. मी चिडले होते. माझ्याच साक्षीदाराने माझा खटला माझ्यासमोर गाडला होता, आणि तोही शपथेवर.

"आधी सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं.

"आधी सांगितलं असतं, तर ते कसं सांगायचं नाही हे तू मला शिकवलं असतंस."

ते खरं होतं.

"मी त्याच दिवशी म्हणत होते, अहो, खाली जा, पोर ताटकळलीये," काकू म्हणाल्या. "तर म्हणे गुडघा. आठवडाभर तेल चोळलं मी त्या गुडघ्याला." त्या रागावून बाहेर बघू लागल्या, पण त्यांचा हात काकांच्या त्याच गुडघ्यावर होता. स्वारगेटच्या सिग्नलला मला हसू आलं, आणि मग रडूही आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी त्याला समोर बघायला सांगितलं.

निकाल आला. हिलटॉपने नाव नोंदवलं त्याआधीच दीपमाला मोकळी होती, असं लवादाने धरलं. तिच्यावर बंदी नाही. सुटलेल्या खेळाडूचं नाव यादीत ठेवल्याबद्दल उगवतीला समज देण्यात आली. आणि नोंदणीच्या दिवशी ती कुठल्याच क्लबाची नव्हती म्हटल्यावर हिलटॉपने लिहिलेलं 'नाही' बदलायचं कारण उरलं नाही. ज्या एका शब्दासाठी काका माझ्या दारात आले होते, तो तसाच राहिला. मी त्यांना निकाल वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला नाही. "म्हणजे रविवारी खेळेल ती," एवढंच म्हणाले आणि नळ बंद करायला आत गेले.

दोन-चार दिवसांनी सकाळी मला जाग आली ती डब्याच्या खडखडाटाने. शिट्टी नव्हती. गॅलरीत आले तर खाली दीपमाला वाकून रेघा मारत होती. अंगावर हिलटॉपची निळी जर्सी. कॉर्नर, पेटी, मधलं वर्तुळ, एकही रेघ तिने सोडली नाही. मग डबा खाली ठेवून मधोमध उभी राहिली आणि सरळ काकांच्या गॅलरीकडे बघू लागली.

खालून काकूंचा आवाज आला. "अहो, ती उभी आहे."

"दिसतंय मला."

"मग?"

मी कठडा धरून वाकले. थोड्या वेळाने काका जिन्याच्या तोंडाशी दिसले. मैदानात जाऊन बाजूच्या रेघेपाशी थांबले आणि दीपमाला त्यांच्यासमोर आली. सकाळ इतकी शांत होती की मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, तिकडे कोणी विचारलं, आधी कुठे होतीस, तर काय सांगू?"

"लवादाने सांगितलंय ना. कुठेच नाही."

"त्यायले काय मालूम," दीपमाला म्हणाली. ती एरवी पुण्याचंच बोलते. वडिलांची भाषा तिच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

काकांनी डाव्या चपलेने रेघ पुसायला सुरुवात केली. वीतभर पुसली आणि थांबले नाहीत. पुसतच राहिले. पुसून पुसून इतकी मोठी फट केली, की कलिंगडाचा ट्रक निघाला असता. मग मान वर न करता म्हणाले, "जा."

दीपमाला त्यांच्या पाया पडली आणि त्या फटीतून बाहेर गेली. वळणावर तिने मागे पाहिलं. काका हात वर करून उभे होते, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही हात खाली घ्यायला विसरले.

एवढ्यात बाकीची मुलं आली. रीतीप्रमाणे एकाने डबा उचलला.

"सर, रेघ भरू?"

"राहू दे."

खेळ सुरू झाला. जरा वेळाने बॉल घरंगळत नेमका त्या फटीतून बाहेर गेला. मुलं थांबली आणि भांडायला लागली. रेघच नाही, तर आउट कसं धरायचं?

काकांनी शिट्टी तोंडातून काढली. "तिथनं गेलेलं आउट नसतं," ते म्हणाले. "खेळा."